सह

पाडव्याच्या आदल्या दिवशी
नारायणगावात मला तीन ठिकाणी बोलावणं असतं.

सकाळी बाजार आवारात.
रशीदशेठचे चारशे क्रेट, निळे, नवे,
प्रत्येकावर दोन अक्षरं अन् खाली चांदणी.
चांदणी कशाला, विचारलं मी एकदा,
तर म्हणाले, कलकत्त्याच्या हमालाला मराठी येत नाही,
चांदणी येते.
टोमॅटो अजून तारेवर, हिरवा.
वीस किलोला काय निघेल
हे ना शेठला ठाऊक, ना मुक्ताईला.
एका साली पोरांनी उचल घेऊन जीपा आणल्या.
पुढच्या साली मीनेच्या काठाला लाल रेंदा,
गाईसुद्धा हुंगून मागं सरायच्या.
त्या सालचे माझे सतराशे
शेठकडे अजून आहेत.

दुपारी खोडदच्या रस्त्याला.
फाटकावरची पाटी उन्हानं उडते, दर दोन वर्षांनी:
मोबाईल बंद ठेवा.
आत ती ताटं,
एकेकात आमची आख्खी आळी जेवायला बसेल एवढी,
तारेची, आभाळाला उताणी.
चाफेकर नावाचे एक साहेब होते तिथं.
म्हणाले, आम्ही बघत नाही लहानूशेठ, आम्ही ऐकतो.
काय ऐकता?
हायड्रोजन.
काय म्हणतो?
हसले. म्हणाले, फार हळू बोलतो,
तुमच्या लुनाच्या ठिणगीखाली बुडून जातो.
तेव्हापासून मी गाडी अलीकडं बाभळीला लावतो
अन् डबा घेऊन चालत जातो.
मोबदला चेकनं. उशिरा, पण येतो.

अन् दिवस कलला की राहुट्यांवर.
हायवेच्या कडेला कापडाची एक पेठच उठते,
टेबल, चार खुर्च्या, मागं फडाचा बोर्ड.
उद्या पहाटेपासून टोप्यावाले पंच येतील,
बाया किती, गाड्या किती, जनरेटर आपला का,
अन् कालाष्टमी मोकळी आहे का.
कालाष्टमीला सगळ्यांनाच तमाशा हवा,
त्या एका रात्रीवर फडाचं वर्ष तरतं.

बायजाबाई उदापूरकरांचा बोर्ड मी बावीस वर्षं रंगवला.
आधी नुसतं बायजाबाई,
मग 'बायजाबाई सह मालन',
पहिलं नाव वीतभर, दुसरं चार बोटं.
दर साली मालनचं अक्षर मी थोडं वाढवायचो.
कुणी सांगितलं नव्हतं.

बायजाबाई पौषात गेल्या,
अकोल्याच्या पुढं, टेम्पोत, पेटाऱ्याला टेकून.
त्या रात्रीचा खेळ झाला.

मॅनेजर म्हणाला, म्हातारीचं नाव पुसा,
गेलेल्या बाईवर सुपारी कोण देतं?
मालन पायातले चाळ मोजत होती, गोणपाटावर,
वर न बघता म्हणाली,
आईचं राहू द्या. तेवढंच. वीतभर.
मग सह लिहा.
अन् पुढं तुमचं?
माझं नको. गुडघे गेलेत माझे.
मग पोरीचं?
पोरगी जुन्नरला नर्सिंगला आहे,
तिचं नाव तिकडं लिहिलंय.

मी म्हटलं, बाई, सह लिहून पुढं काहीच नसलं
तर ते वाक्य लंगडं.
असू दे, म्हणाली,
जागा ठेवा. ढोलकीवाल्याचा भाचा गातो बरा,
नाहीतर वगातली ती साताऱ्याकडची.
बघू. सीझन लांब आहे.

मी पिवळ्यात 'बायजाबाई उदापूरकर' काढलं,
लाल सावली दिली,
'सह' काढला,
अन् पुढं दीड हात नुसता निळा.
ब्रश हातात धरून उभा राहिलो बराच वेळ.
हाताला सवय होती पुढं जायची.

रंग वाळायच्या आत पहिले पंच आले,
पाडवा उजाडायची वाट न बघता,
पारगावकडचे कुठले तरी तिघं.
एकानं बोर्ड मोठ्यानं वाचला,
थांबला,
सह कोण?

मालननं चाळ बाजूला सारले,
डायरी ओढली,
पेनचं टोपण दातानं काढलं.
तारीख सांगा आधी.

मला म्हणाली, थांबा जरा,
अन् कमरेची पिशवी सोडून
माझे साडेतीनशे
तिथंच मोजून दिले.