पह्यला हंगाम

ओजस, संघ तुले फुकटात भेटला
म्हणून त्याले फुकटचा समजू नको.
अठरा जण आहेत. पह्यले नावं वाच.
कोणी हंगेरीचा, कोणी चिलीचा,
मशीननं पाडलेली नावं, मान्य,
पण मंगळवारी रात्री साडेनऊले तेच उतरतात मैदानात,
तू सावजीत रस्सा ओरपत बसला असला तरी.

घाई करू नको बे.
काल एका रात्रीत तू तीन पोरं विकले
अन् तेहतीस वर्षांचा स्ट्रायकर आणला,
त्याचे जुने गोल पाहून.
मी सतरा वर्षं कळमन्यात हर्रासाच्या पट्ट्या लिहितो.
वरच्या थराले चकचकीत संत्रं कोण लावते,
काहून लावते, मले माहीत आहे.
हात खाली घाल. क्रेटच्या तळाचं फळ पाह्य.
वय पाह्य, पगार पाह्य,
पुढच्या हंगामात पाय किती उतरतील ते पाह्य,
मंग बोली लाव.
शेवटच्या मिनटाले बोली चढली
तर मोबाइल पालथा ठेव,
कूलरमध्ये दोन बादल्या पाणी टाकून ये.
येशील तवा दुसऱ्या कोणाचं तरी दिवाळं निघालं असन.

स्टेडियम वाढवू नको एवढ्यात.
रिकाम्या खुर्चीचाही खर्च लागते.

सतराची पोरं घे. सराव एकच लाव.
आज पासिंग, उद्या पळणं, परवा हेडर,
असं केलं की झाड पानावर जाते, फळावर येत नाही.
काटोलकडे माझे साळे बागेचं पाणी तोडतात महिनाभर.
पानं पिवळी पडतात, पाहून जीव तुटते,
मंग एक ओलित, अन् फांदी फांदी पांढरी.
तेही झाड पाचव्या वर्षी.
इथं पाच हंगाम, म्हणजे सव्वा वर्ष.
तुझ्या बारावीपेक्षा कमी वेळ लागते लेका.

हरशील. पाच-शून्य, एखाद्या वेळी सात-एक.
मी हरलो तवा फॉर्मेशन बदललं, कप्तान बदलला,
संघाचं नावसुद्धा बदलून पाह्यलं,
इंदोरा इलेव्हनचं जरीपटका जायंट्स केलं.
मंग समजलं, समोरचा गडी सहा वर्षांपासून खेळून राहिला होता.
एवढंच होतं ते.

अजून एक.
तुझ्या गटात तळाशी एक संघ दिसन,
मोहननगर रोव्हर्स.
तो एल्विनचा.
मले हा नाद त्यानंच लावला,
सदरच्या कॅफेत, तासाले वीस रुपये,
अर्धे तो द्यायचा.
गुडघा फुटेस्तोवर तो खरोखरच्या मैदानावर राइट बॅक होता.
चार वर्षं झाली, त्यानं लॉग इन केलं नाही.
मशीन उतरवते त्याचे अकरा,
त्यानं शेवटी लावले होते त्याच जागी.
त्याचा राइट बॅक तवा वीसचा होता,
आता छत्तीसचा आहे,
त्याले बसवाले कोणी नाही.

कुठी गेला, काय झालं, ते मंग कधी सांगीन.
सगळे त्याच्यावर दहा-दहा गोल चढवतात,
गोलफरक सुधरते. तूही चढव,
नियमात बसते.

मी वरच्या गटात आहे, माझी त्याची गाठ पडत नाही.
म्हणून दर बुधवारी मैत्रीचा सामना मागतो.
मशीन लगेच हो म्हणते.
एल्विन कधी एवढ्या लवकर हो म्हणला नव्हता.

तर मॅचच्या दिवशी लॉग इन करत जा.
बाकी काही जमलं नाही तरी चालते,
अकरा नावं आपल्या हातानं लाव.

अन् तो तेहतीसवाला आज रात्रीच विकाले काढ.
तोट्यात जाईन.
जाऊ दे.