चौथी

वाशी, सेक्टर सतरा. खाली फरसाणचं दुकान,
वर डॉक्टर कसबेकरांची खोली,
आणि बेसन तळल्याचा वास जिना चढून
माझ्याआधी आत येऊन बसलेला.
अकरा पानं. कोपऱ्यातली पिन तिरकी.
मी आधी पिन सरळ केली,
मग वाचलं.

वय: त्रेचाळीस वर्षं, दोन महिने.
ऑटिझम स्पेक्ट्रम.
खाली कुणीतरी पाव किलो भावनगरी मागत होतं.

लहानपणी आई म्हणायची, चारचौघींसारखी वाग.
मी शोधायला निघायचे.
नेने काकू, एक.
जुहूगावची मासेवाली पार्वताबाई, दोन.
वर्गातली सुलक्षणा, तीन.
विचारलं, आई, चौथी कोण?
ती हसली नाही. म्हणाली, उलट बोलू नकोस.

डोळ्यांत बघून बोल, यावरचा तोडगा
मला सातवीत सापडला: टिकली.
तेवढ्या गोलावर नजर टेकवायची,
समोरचीला वाटतं, आपल्याकडेच बघतेय.
पुरुषांना टिकली नसते.
म्हणून मुलाखतीत नापास, दोनदा,
आणि तिसऱ्यांदा जिथे लागले
तिथे माणसं काचपट्टीवर येतात,
थेंबाएवढी,
त्यांच्याकडे कितीही वेळ बघितलं तरी चालतं.

डॉक्टरबाईंच्या कपाळावर काही नव्हतं.
तिन्ही बैठकांत मी पंख्याला उत्तरं दिली.

त्यांनी आईला फोन लावला.
मूल बोट दाखवून वस्तू मागायचं का?
"तिचा काहीच त्रास नव्हता हो," आई म्हणाली,
"मूग निवडायला दिले की झालं.
अख्खे एकीकडे, फुटके एकीकडे, दुपारभर.
एवढी शहाणी पोर."
ते शहाणपण पान चारवर आहे,
दुसऱ्या नावानं.

गॅदरिंगला ढोल सुरू झाल्यावर
शाळेच्या संडासात लपलेली,
कानांत बोटं घालून, तीन तास,
आणि दुसऱ्या दिवशी प्रार्थनेनंतर
सगळ्यांसमोर माफी मागितलेली नऊ वर्षांची मुलगी.
तो माफीनामा परत हवाय मला.
कुठल्या खिडकीवर अर्ज करायचा?

आणि बाबा.
ठाणे-बेलापूर रस्त्यावरच्या कंपनीत एकतीस वर्षं.
जेवण सात पन्नासला; सात एकावन्न चालायचं नाही.
एकोणऐंशीपासूनची विजेची बिलं सुतळीत ओवलेली.
लोक विक्षिप्त म्हणायचे.
रविवारी आम्ही दोघं जमिनीवर
सिडकोचा नकाशा पसरून बसायचो, न बोलता.
त्यांचं बोट: इथे तळं होणार.
माझं बोट: इथे शाळा.
त्यांचा रिपोर्ट कुणी काढलाच नाही.

हे शहर आधी कागदावर होतं, मग माणसं आली.
माझं उलटं. आधी मी,
कागद आत्ता,
तोही तिरक्या पिनचा.

दिगंबरने टेबलावर वाचला. चष्मा वर, चष्मा खाली.
"म्हणजे आता काय करायचं?"
माहीत नाही, म्हटलं. खरंच माहीत नव्हतं.
सासूबाईंना सांगायचं नाही असं ठरलं,
मग सांगायचं ठरलं,
मग नंतर बघू.

सकाळी तो खोबऱ्याची वाटी घेऊन स्वयंपाकघरात गेला.
दार लोटून घेतलं.
आतून ओरडला, "लावतोय हं."

सतरा वर्षं झाली लग्नाला.
मिक्सर तोच, आवाज तोच.
मी कानांवर हात ठेवून बसले,
उघड, भर दिवाणखान्यात, कुणाची माफी न मागता,
आणि मोजत राहिले:
नेने काकू, पार्वताबाई, सुलक्षणा.

मिक्सर थांबला.
"झालं," तो आतून म्हणाला.