पावणी

फोंड्याला, औषधांच्या दुकानावरच्या खोलीत
दर गुरुवारी साडेदहाला म्हाबळूबाब येतात
उजवा हात डाव्या हाताने धरून,
दुसऱ्या कुणी सांभाळायला दिल्यासारखा.

पस्तीस वर्षं देवळाच्या पावणीत पुकारा त्यांचा.
केळ्यांचा घड, असोला नारळ, देवीच्या अंगावरची साडी,
दीडशेवरून नऊशेवर
त्यांनी माणसं नुसत्या आवाजाने चढवत नेली.
माघात मेंदूत गुठळी अडकली.
वस्तूंची नावं गेली, माणसांची गेली,
पुकारा तेवढा राहिला.

मी पेला दाखवते: "एक वार."
किल्ली दाखवते: "दोन वार."
खिडकीबाहेर कदंबाची बस वळते.
ते तिच्याकडे बघतात, आणि फार खिन्न होऊन म्हणतात,
"तीन वार."

पाढे, आरत्या, वारांची नावं, शिव्या:
वापरून गुळगुळीत झालेलं असतं ते मागे उरतं,
असं आम्हाला शिकवलंय.
त्यावर उभं राहून नवा शब्द कसा काढायचा
तेही शिकवलंय. ते इतकं सोपं नाही.

बाहेर बाकावर पुढची पाळी केनेथची.
बोरीचा, वय पाच,
जिभेची मागची बाजू अजून झोपलेली.
काजूला टाजू, कोंबड्याला टोंबडा,
नाव विचारलं की छाती काढून: टेनेट.
आठ महिने मी त्याला गुळण्या करायला लावल्या,
छताकडे बघून आ करायला लावला,
आरशासमोर स्वतः कावळा झाले.
तो प्रामाणिकपणे सांगायचा, टावळा.

एका गुरुवारी दार उघडं राहिलं.
केनेथ आत आला, टेबलावरचा रबरी बांगडा उचलून
म्हाबळूबाबांसमोर धरला.
ते उठले. पाय थरथरत होता, गळा नाही.
"एक वार!"
कुणी बोली लावेना. मीच म्हटलं, वीस रुपये.
"एत वार," केनेथ ओरडला.
म्हाबळूबाब थांबले.
पावणीतली चूक त्यांना कधी खपली नव्हती.
"एक."
तो क त्यांनी दगडावर नारळ आपटावा तसा आपटला.
"एत."
"एक."
"एत."
"एक्क!"
"ए...
...क."
बांगडा वीस रुपयांना मला पडला.
केनेथची आई ओलिंडा दारात उभी होती
हेल्मेट काढायचं विसरून.

माझ्या यादीतला पहिला शब्द मात्र तसाच होता.
कुंदा. त्यांच्या बायकोचं नाव.
अकरा आठवडे तिचा फोटो समोर,
अकरा आठवडे मी "कुं..." म्हणून गळ टाकून बसलेली.
ते फोटोकडे असे बघायचे
की वस्तू मोलाची आहे
पण बोली कितीपासून, ते कुणी सांगितलेलं नाही.

शेवटी तीच हसली, मांडीवर पेजेचा डबा.
"बाये, चाळीस वर्सां जालीं.
तांणी म्हजें नांव केन्नाच घेतलें ना."
मग काय म्हणायचे?
ती खिडकीकडे बघत राहिली.
"अगो. इतलेंच."

म्हणजे त्यांच्या तोंडात मी असा शब्द शोधत होते
जो तिथे कधी राहायलाच आला नव्हता.
मी कार्ड फाडलं.

पुढच्या गुरुवारी अगो आला नाही.
त्याच्या पुढच्याही नाही.

चवथीच्या आधीचा गुरुवार.
खाली रस्त्यावर माटोळीचा बाजार भरलेला,
सुपाऱ्यांचे घोस, आंबाडे, तोरिंगण.
ती पुढे जाऊन भाव करत होती.
म्हाबळूबाब शेवटच्या पायरीवर, काठी निसटलेली,
मी वर कठड्याशी, धावू की नको या विचारात.

"अगो."

"आयलें," ती म्हणाली, वळून न बघता,
आणि आंबाडे निवडत राहिली,
एक, दोन, तीन,
मग तिचा हात थांबला.