सतराचा पाढा

जेवणाच्या टेबलावर तीन अभ्यासक्रम पडून आहेत,
नमुन्याची पानं, प्रिंटरची शाई संपेपर्यंत काढलेली.
पहिल्यात एका पानावर साठ गुणाकार,
तळाला चौकोन: वेळ किती लागला?
दुसऱ्यात नऊ वर्षांपर्यंत पाढा नाही,
एक खार आहे, ती बिया वाटत फिरते.
तिसऱ्याबरोबर रंगीत लाकडी कांड्या येतात,
परदेशातून, जकात वेगळी.
रेश्मल म्हणते, ठरव आता.
मी म्हणतो, बघतो.
बघतो म्हणजे काय, हे तिला अकरा वर्षांत पाठ झालंय.

दिवाडीवरची आमची शाळा गेल्या वर्षी मिटली.
पटावर सहा मुलं, त्यातली दोन आमची.
बाईंनी शेवटच्या दिवशी फळा पुसला नाही,
खिडकीतून अजून दिसतं: आजची उपस्थिती ६.

मी सहा वर्षं मांडवीतल्या बोटीवर चाक फिरवलं,
रात्री नऊ ते पहाटे पाच,
काळं जाकीट, खिसे शिवून टाकलेले.
घरात कोंकणी, टेबलापाशी इंग्रजी,
आणि हात चिपा मोजत असताना ओठांच्या आत मराठी:
सतरा दुणे चौतीस, सतरा त्रिक एक्कावन्न,
सतरा चोक अडुसष्ट.
दोन आकड्यांमधल्या रेघेवरच्या चिपेला सतरा,
नेमक्या आकड्यावरचीला पस्तीस.
पाच रेघेवर, दोन आकड्यावर,
एकशे पंचावन्न, सरकवा पुढे.
गुणाकार मला असा येतो,
डोक्यावर कॅमेरा असलेल्या माणसाला येतो तसा.
तो मुलीच्या हातात कसा द्यायचा?

पर्णिका सात वर्षांची.
बे एके बे म्हणाली आणि थांबली.
बे म्हणजे कोण?
दोन.
मग दोन का नाही म्हणत?
जुनी माणसं पाढ्यात बे म्हणायची.
फक्त पाढ्यात?
फक्त पाढ्यात.
म्हणजे तो तिथेच राहतो, ती म्हणाली,
आणि पुढे बे दुणे चार, बे त्रिक सहा,
त्याच्या घरावरून चालत गेल्यासारखी.

काल रायबंदरला जाताना
कायतान फेरीबोटीवर स्कूटर लावून घेत होता,
हाताच्या इशाऱ्याने, शिव्या तोंडातल्या तोंडात.
चार रांगा, रांगेत सहा.
चार सक चोवीस, मी म्हटलं, सवयीने.
तिने ऐकलं नाही.
कठड्याला धरून ती बाजूला गेली,
ओल्या लोखंडावर चपला चप चप वाजवत,
आणि तिथून ओरडली:
बाबा, हांगासून स रांगो, चार चार!

मी गेलो. पाहिलं.
चार सक चोवीस मला ठाऊक होतं,
सहा चोक चोवीस पण ठाऊक होतं,
दोन्ही छडीखाली वेगवेगळ्या दिवशी पाठ केलेले.
ते एकच आहेत आणि मी फक्त उभा कुठे आहे
एवढाच प्रश्न आहे, हे
पस्तीस वर्षांत कुणी सांगितलं नव्हतं.
मी तरी कुणाला विचारलं होतं?

पलीकडे फळी पडली.
गुणाकार एकेक करत सुटा होऊन धक्क्यावर गेला.
एकच बाकी उरली, पिवळी,
तिची किक लागेना.
पर्णिकाने तिलाही हात केला.

रात्री विचारलं, तुझा सगळ्यात मोठा पाढा कुठला?
सतराचा.
कुठे लागायचा?
बोटीवर.
फेरीबोटीवर?
दुसऱ्या एका.
त्यात किती रांगा होत्या?
मी दिवा घालवला.

सकाळी रेश्मलने पुन्हा विचारलं, ठरलं?
साठ गुणाकारांचं पान टेबलावर पालथं होतं,
मागे पेन्सिलचे ठिपके, चार सहा, सहा चार,
एका ठिपक्याला चाकं काढलेली, बाजूला धूर.
उलटून पाहिलं.
साठही गाळलेले.
तळाच्या चौकोनात मात्र, वेळ किती लागला,
तिने लिहिलं होतं:
फेरी पोचेपर्यंत.