तीन क्रेडिट

डुलुथचं कॉलेज, खोली दोनशे चार.
व्हर्लीन ओस्टबी टेबलावर मांडते एकोणीस वर्षं:
मासळीच्या दुकानाच्या पाटीचा फोटो, बेकरीचे खोके,
चर्चच्या जेवणाचं पत्रक,
त्यात 'बटाटा' चुकलेला, तसाच.

परीक्षक तिच्या धाकट्या लेकाच्या वयाचा.
"या दोन अक्षरांतली जागा
कशी ठरवलीत?"

ती आधी नखातला रंग कुरतडते.
मग म्हणते, हिवाळ्यात साडेचारलाच अंधारतं.
बर्फातून ट्रक हाकणाऱ्याला मासळी दिसायला हवी.
रस्त्यापलीकडे जाऊन बघायचे,
परत येऊन 'एफ' केसभर सरकवायचे,
पुन्हा पलीकडे.
शिडी धरायला कुणी नव्हतं.

पेन जरा रेंगाळतं.
अक्षररचना: तीन क्रेडिट.

"ते पत्रक तेवढं परत द्या,
शनिवारी जेवण आहे.
बटाटा राहू दे तसाच,
लोक तो शोधतात."