शेपटीचा गोल

बत्तीस वर्षं नाशिकरोडच्या प्रेसमध्ये
माझं काम एवढंच :
छापून आलेल्या शीटमध्ये चूक शोधायची.
शाई फुटली, रेघ सरकली, आकडा लंगडला
की लाल खूण, आणि शीट बाजूला.
निवृत्तीला घड्याळ दिलं, शाल दिली.
डोळे मात्र परत जमा करून घेतले नाहीत.

म्हणून परवा सिनेमाला निघालो तेव्हा
शेवाळे म्हणाला, आज फक्त बघायचं हं.
दुपारचा खेळ. अकरा माणसं,
त्यातली दोन एसीसाठी आलेली.
पडद्यावर एक विधुर स्वतःपुरता भात लावतो,
सवयीनं दोन वाट्या तांदूळ घेतो,
मग एक वाटी परत डब्यात ओततो.
मला काय दिसावं? मागच्या भिंतीवर
सकाळीही दहा वाजून दहा,
रात्रीही दहा वाजून दहा.
शेवाळेला कोपर मारणार होतो,
तर तो चष्मा काढून बसलेला.
मग मीही घड्याळ सोडलं
आणि तांदळाकडे बघितलं.

चांगला होता सिनेमा. शेवट जरा लांबला.
ते पुलावरचं गाणं नसतं तरी चाललं असतं.
बाहेर कॉलेज रोडवर रणरण ऊन,
त्यात मिसळ खाल्ली, वर एक्स्ट्रा रस्सा,
आणि दोघांनीही
आपापल्या बायकोचा विषय काढला नाही.

पुस्तकांचं निराळं. ती एकट्यानंच वाचतो.
टिळकपथावरच्या वाचनालयातून
शनिवारी दोन आणली.
एक खुनाची कादंबरी. खुनी चाळिसाव्या पानावरच कळला,
पण त्यातला हवालदार काय फिरतो सायकलवरून!
त्याच्यासाठी पुढचं सगळं वाचलं.
मधली सोळा पानं उलटी बांधलेली,
इंदिरानगरच्या बसमध्ये पुस्तक उलटं धरून बसलो,
समोरची मुलगी आईला म्हणाली,
आजोबांना वाचता येत नाहीये.

दुसरं, एका ओव्हरसियरनं लिहिलेलं,
बागलाणातल्या विहिरींवर.
कुठली गोड, कुठली मचूळ,
कुठलीत कोणाच्या लग्नातला तांब्या पडला.
असलं पुस्तक कोण वाचतं म्हणाल
तर मी, रात्री दीडपर्यंत.

पान सत्याऐंशी. 'पाणी'चा काना पडलेला,
नुसतं 'पणी'.
हात पेन्सिलीकडे गेला,
तर तिथे आधीच एक गोल,
फिकट, गोलाला डावीकडे छोटी शेपटी.
ही आमच्या सेक्शनची खूण.
जगात दुसरं कुणी अशी शेपटी काढत नाही.

गांगुर्डेबाईंना विचारलं, हे आधी कोणी नेलं होतं?
म्हणाल्या, कॉम्प्युटर आला तेव्हा
जुनी कार्डं रद्दीत गेली हो, काका.
निकम असेल? तो डब्याखालच्या पेपरातही
चुका काढायचा.
की वाघचौरे, जो आता नाही?
की वसईला गेलेला फर्नांडिस? पण त्याला मराठी वाचायला
आवडायचं का?
वीस वर्षं एका बाकावर जेवलो.
कोणाला लोणचं चालतं, कोणाला चालत नाही,
पाठ होतं.
काय वाचतोस, हे एकदाही विचारलं नाही.

एकशे बाराव्या पानावर 'विहीर' ऱ्हस्व निघाली.
ती त्याच्या नजरेतून सुटली,
की त्यानं सोडली, कोण जाणे.
मी पेन्सिलीचं टोक टेकवलं,
कागदावर जेमतेम एक ठिपका उमटला,
तेवढ्यावर थांबलो.

पुस्तकाची मुदत सात दिवस वाढवून घेतलीये.
शेवाळेला देईन म्हणतो.
त्याला विहिरींचं काही वाटतं का
ठाऊक नाही.
विचारतो उद्या.