विरजण

जनता वसाहत, पर्वतीच्या चढावर.
पत्रा एकच, दोन घरांना मिळून.
पलीकडे आपटाआपट सुरू झाली की
मी टीव्हीचा आवाज वाढवायचो.
सात वर्षं वाढवला.

मग एका रात्री पावणेबाराला
मुमताजभाभीनं वाटी घेऊन त्यांचं दार वाजवलं.
"विरजण आहे का जरा?"
दिनकरनं उघडलं. हात अजून अर्धा वर.
"आत्ता?"
"दूध आत्ताच कोमट झालंय."
आणि उभीच राहिली,
शोभना आतून चमचाभर दही घेऊन येईस्तोवर.

पुढच्या खेपेला तीन वाट्या गेल्या.
अंगणवाडीच्या ताईंनी घरोघर सांगितलं,
पुरुषांनीपण जायचं.
बाप्या दारात दिसला की तो जास्त ओशाळतो.

माझ्यावर आलं तेव्हा
वाटी घ्यायचीच विसरलो.
रिक्षाचा खाकी शर्ट, अनवाणी.
"विरजण," म्हणालो, पुढं सुचेना.
दिनकर माझ्या रिकाम्या हातांकडं बघत राहिला.
मीपण.

घरी आलो. बायको दूध झाकत होती.
"आणलंत?"
मग बऱ्याच वेळानं, माझ्याकडं न बघता,
"त्या दिवाळीला
आपल्याकडं नाही आलं कुणी मागायला."